वाढणाऱ्यानं आधी बसायचं

“आम्हीच घाबरलो तर लोकांनी कुणाकडे बघायचं?” हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो. आयसीयूतली सिस्टर विचारते, रुग्णवाहिकेचा चालक विचारतो, महापुरात बोटीवर काम केलेला पोरगा विचारतो. दुसऱ्याला धीर देण्याचाच ज्यांना पगार मिळतो, त्यांना स्वतःची भीती चोरीच्या मालासारखी वाटते. कुठे लपवू, कुठे नको असं होतं. या वेळी तो प्रश्न आला विमानात काम करणाऱ्या एका मुलीकडून. तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सांगलीत विश्रामबागला माझी समुपदेशनाची दोन खोल्यांची जागा आहे. तासगावकडची मायलेकी आल्या. मुलगी चोवीस वर्षांची. खुर्चीवर बसली ती पाठ टेकून एकदम ताठ, पावलं जमिनीला चिकटलेली, दोन्ही तळहात मांड्यांखाली. मला वाटलं थंडी वाजतेय, म्हणून मी पंखा कमी केला. तिनं काही हात काढले नाहीत.

बोलली ती आईच. “हिला सांगा की मॅडम जरा. द्राक्षाची बाग हाय, खायाला काय कमी न्हाई. विमानात लोकांस्नी पाणी द्यायला एवढं इंग्लिश शिकवलं का आम्ही?” मुलीनं मान खाली घातली. हे ‘पाणी द्यायला’ घरात बऱ्याचदा बोललं गेलं असणार, ते कळलं.

घडलं होतं ते असं. पावसाळ्याचे शेवटचे दिवस, उतरायला अर्धा तास राहिलेला. समोर ढग. पट्ट्याचा दिवा लागला, ‘डिंग’ वाजलं, पाठोपाठ कॉकपिटमधून केबिन क्रूनं बसून घ्यायची सूचना आली. जोडीदारीण ट्रॉली मागे गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात, ओढत होती. ही आपल्या जंपसीटकडे, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीकडे, निघाली होती. वाटेत एका आजींना पट्ट्याचं बक्कल सापडेना. “पोरी, एवढं लावून दे की.” ही वाकली. बक्कल लागलं, आणि पायाखालची जमीनच गेली. डोकं वरच्या कप्प्यावर आपटून ती वाटेतच पडली. भुवईवर तीन टाके, खांदा मुरगळला. ट्रॉली धरून राहिलेल्या जोडीदारणीचा घोटा मोडला. आजींना खरचटलंसुद्धा नाही. विमान नेहमीसारखं उतरलं.

टाके सुकले, रजा संपत आली, पण घरातली बेल वाजली की हिच्या हातातलं ताट पडायचं. तासगावच्या त्या घराची बेल नेमकी विमानातल्या चाइमसारखी, डिंग. रात्री तीनला जाग. एसटीतही बसेना.

पहिल्या भेटीत मी चुकले, ते सांगायलाच हवं. मी तिला विमान किती सुरक्षित असतं ते समजावू लागले. पंखावर जास्तीत जास्त जेवढा भार येईल असं धरतात, त्याच्या दीडपट भार तो सोसेल असा बनवतात, वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझं वाक्य तिनंच पुरं केलं. “मॅडम, हे मी रोज प्रवाशांना सांगते.” विमान पडेल ही तिची भीती नव्हतीच. नसलेल्या दुखण्यावर मी मलम लावत होते.

मग तीच मला शिकवत गेली. ढगातले हादरे रडारवर बरेचसे कळतात, कारण रडारला पाण्याचे थेंब दिसतात. पण स्वच्छ आकाशात, उंचावरच्या वेगवान वाऱ्यांच्या कडेला बसणारे हादरे त्याला दिसत नाहीत. हलके, मध्यम, तीव्र, अतितीव्र असे हादऱ्यांचे चार वर्ग. तीव्र असेल तर क्रूनं जिथं असू तिथं बसायचं. जंपसीट लांब असेल तर रिकामी सीट, तीही नसेल तर खाली फरशीवर, सीटचा पाय घट्ट धरून. ट्रॉलीचा ब्रेक, गरम चहाची किटली खाली. हे सगळं तिनं एका दमात म्हटलं.

“मग बसली का नाहीस?”

बराच वेळ गेला. बाहेर वडाप रिक्षावाला मिरज, मिरज ओरडत होता.

“मोठं माणूस सांगतंय आणि आपण बसायचं?” ती म्हणाली. आणि मग जे आलं ते विमानाबद्दल नव्हतं. तिच्या घरी गणपतीला, जत्रेला पन्नास माणसांची पंगत उठते. वाढणाऱ्या बाईनं शेवटची पंगत उठेपर्यंत बसायचं नाही, हा तिथला नियम. बसली तर आजी म्हणायची, पाय मोडले का गं? सात वर्षांची असल्यापासून ती मीठ-लिंबू वाढत आली आहे. कंपनीनं प्रशिक्षणात तिला बसायला शिकवलं, पण त्याच्याही आधी घरानं उभं राहायला शिकवलं होतं. ऐन वेळी जुना धडा वर आला.

म्हणजे तिची भीती दुहेरी होती. पुढच्या वेळी उभी राहिले तर मार बसेल, आणि बसले तर कुणाला तरी लागेल आणि ते माझ्यामुळे. पहिल्या भीतीवर इलाज आहे. दुसरी तिला भीती वाटतच नव्हती, ती तिला आपला चांगुलपणा वाटत होता.

इथे आकडे कामाला आले, जे पहिल्या भेटीत निरुपयोगी होते. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं २००९ ते २०१८ या काळातल्या हादऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास केला. त्यात गंभीर जखमी झालेल्या दर पाच जणांपैकी जवळजवळ चार जण केबिन क्रूचे होते. कारण साधं, उभे तेच असतात. आणि मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान म्यानमारवर हादऱ्यांत सापडलं, त्याचा प्राथमिक अहवाल तिनं स्वतःच वाचला होता. वैमानिकानं पट्ट्याचा दिवा लावल्याचं म्हटलं, त्यानंतर आठ सेकंदांत मोठा झटका आला. पट्टा न बांधलेली माणसं वर फेकली गेली.

आठ सेकंद. आम्ही मोबाइलवर घड्याळ लावलं. मी आजी झाले, कमरेला ओढणी गुंडाळली. ती वाकून गाठ मारेपर्यंत नऊ सेकंद झाले, आणि अजून तिला स्वतःच्या खुर्चीपर्यंत जायचं होतं. हिशोब तिनंच केला. क्रू जखमी होऊन वाटेत पडली तर दार उघडणार कोण, माणसं बाहेर काढणार कोण?

पुढच्या भेटीत आजीचं काम मी तिच्या आईला दिलं. मुलीनं नकार द्यायचा आणि बसायचं, एवढंच. आई म्हणाली, “पोरी, एवढं लावून दे की.” आणि मुलीचा बांध फुटला. आईही गडबडली. तिला वाटलं, आपण काही चुकीचं बोललो. त्या दिवशी सराव झालाच नाही, आम्ही तिघी चहा घेत बसलो. आठवड्यानं जमलं. “आजी, मी बसतेय. पट्टा ओढा. डाव्या हातानं ओढा.” हे वाक्य तिनं मोठ्यानं, मान वर करून, निदान तीस वेळा म्हटलं. आवाज चढवायचा नाही, पण पाडायचाही नाही.

घाबरलेल्या प्रवाशाशी बोलायचं तेही हेच. “काही होत नाही हो” हे वाक्य मी तिला टाळायला सांगितलं. ज्याला होतंय त्याला ते खोटं वाटतं. त्याच्या हातापायांना काम द्यायचं: पट्टा घट्ट करा, पावलं खाली टेका, श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. धापा टाकल्यानं बोटांना मुंग्या येतात, आणि माणसाला वाटतं हार्ट अटॅक आला. तेवढं कारण सांगितलं तरी माणूस निम्मा शांत होतो. आणि आपण परत कधी बोलू ते सांगायचं. हे सगळं जंपसीटवर बसून, पट्टा लावून, विमानातल्या फोनवरून किंवा मोठ्यानं बोलून करता येतं.

हात मांड्यांखाली घेऊन बसण्याचं कोडंही तिनंच उलगडलं. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी क्रूनं तसं बसायचं असतं, धक्का बसला तर हात भिरकावू नयेत म्हणून. त्या वेळी त्या मनातल्या मनात उजळणी करतात: माझं दार कुठलं, ते कसं उघडतं, मदतीला कोण, काय ओरडायचं. त्याला त्या सायलेंट रिव्ह्यू म्हणतात. अर्ध्या मिनिटाचं काम. तिची ती उजळणी दीड महिना थांबलीच नव्हती. माझ्या खुर्चीत, जेवताना, रात्री तीनला जाग आली की, चालूच. मी म्हटलं, बंद नको करूस, वेळ ठरव. संध्याकाळी सहा ते सव्वासहा, वहीत लिहून. रात्री आठवलं तर ‘उद्या सहाला’. पहिले चार दिवस वही शिव्यांनी भरली, नंतर रिकामी राहू लागली.

बेलचा आवाज तिनं मोबाइलवर घेतला. आधी अंगणात बसून ऐकला, मग कृष्णेच्या घाटावर, मग हातात भरलेल्या पेल्यांचं ताट घेऊन, मग एसटीत. दर वेळी धडधड ओसरेपर्यंत थांबायचं, मधेच पळायचं नाही. हेच महत्त्वाचं, बाकी काही मंत्र नाही.

एक गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात थांबवली. कुणीतरी नात्यातल्यांनी तिला झोपेची अर्धी गोळी आणून दिली होती. विमानात काम करणाऱ्याला गुंगीची औषधं अशी परस्पर घेणं नोकरीवर बेतू शकतं, आणि तसंही मी समुपदेशक, गोळ्या माझ्या हातात नाहीत. अपघातानंतर दोन-तीन आठवडे झोप उडणं, दचकणं हे शरीराचं स्वाभाविक वागणं. महिना उलटूनही तसंच असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. तिला महिना उलटला होता, मिरजेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कंपनीच्या डॉक्टरांनाही तिनं स्वतः सांगितलं. ‘अनफिट’ शिक्का बसेल म्हणून ती हे लपवणार होती. मिळाली ती आणखी एक महिना जमिनीवरची ड्युटी. शिक्का वगैरे काही नाही.

कामावर जाण्याआधी एकदा प्रवासी म्हणून बस, असं मी सुचवलं. आमच्या कवलापूरला विमानतळ होणार हे ऐकत माझे केस पांढरे झाले, तेव्हा कोल्हापूरहून मुंबई. आईला बरोबर ने म्हटलं. आई आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसणार होती.

तो प्रवास मुलीनं शेवटच्या भेटीत सांगितला. धावपट्टीवर विमान वळलं तेव्हा समोरच्या घडीच्या खुर्चीवर एक मुलगी येऊन बसली. पट्टे लावले, पाठ टेकली, तळहात मांड्यांखाली. आईनं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. “तूबी अशीच बसतीस व्हय?” घाट ओलांडताना ढगात दोन-तीन हिसके बसले, चाइम वाजला. मुलीची बोटं आईच्या मनगटात रुतली, पण श्वास तिनं सोडला, सावकाश. तेवढ्यात पलीकडच्या काकांनी पाण्यासाठी बटण दाबलं. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. तिसऱ्यांदा हात वर गेला तशी आईच त्यांच्याकडे वळली. “अवो थांबा की जरा. ती बसलीया न्हवं.”