परदेशी झेंड्याच्या जहाजाने आपल्या समुद्रात घाण केली तर भारत काय करू शकतो?

बरंच काही, फक्त जहाज बंदरात यावं लागतं. डीजी शिपिंग, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याच्या हाताखालचे सर्व्हेअर कुठल्याही झेंड्याच्या जहाजावर चढून तपासणी करतात, लाइफबोट, फायर पंप वगैरे, पण खरी गंमत इंजिन रूममध्ये, कारण बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचणारं तेलकट पाणी सेपरेटरमधून (तेल वेगळं करणारं यंत्र) जाऊन त्यातलं तेल १५ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात १५ भागांच्या खाली आल्याशिवाय बाहेर सोडता येत नाही आणि त्याची नोंद ऑइल रेकॉर्ड बुकात लागते. काही महाभाग सेपरेटरला बगल देऊन चोरपाइप टाकतात, मग सर्व्हेअर फ्लँज, म्हणजे पाइपांचा जोड उघडून आत तेलाचा थर आहे का बघतो. गंभीर दोष निघाला की जहाज डिटेन, दुरुस्ती होईपर्यंत हलायचं नाही, आणि उभ्या जहाजाचा खर्च मालकाला दंडापेक्षा जास्त झोंबतो.

खोल समुद्रात सांडलेलं तेल कोस्ट गार्ड बघतं. भरपाईचं म्हणाल तर मे २०२५ मध्ये केरळजवळ लायबेरियाच्या झेंड्याचं एमएससी एल्सा ३ सुमारे ६४० कंटेनरसकट बुडालं, किनाऱ्यावर प्लास्टिकचे दाणे आले, तेव्हा केरळ हायकोर्टाने तिथल्याच विझिंजम बंदरात उभं असलेलं त्याच कंपनीचं दुसरं जहाज अडकवून ठेवलं. केरळ सरकारचा दावा ९,५३१ कोटींचा होता.