वजनकाट्याकडे रोज बघू नका

पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन उतरलं म्हणून दूध कमी पडतंय असं लगेच ठरवू नका. जन्मवजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते. दोन आठवड्यांत ती बहुधा भरून निघते. पुढचे तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित. पण रोज वजन कशाला करायचं? नुकतंच पाजलं, शी झाली, लंगोट बदलला, एवढ्यानेही आकडा हलतो. महिन्याला एकदा, त्याच काट्यावर, उघड्या अंगाने मोजा आणि वाढीच्या तक्त्यावर (वयानुसार वजनाच्या रेघा छापलेला कागद) बाळाची रेघ कुठे चालली आहे ते बघा. बाळ छापलेल्या खालच्या रेघेवर असलं तरी त्याच रेघेने वर जात असेल तर ठीक. बाळाची रेघ आडवी झाली की डॉक्टरांना दाखवा. पाच-सहा महिन्यांत वजन दुप्पट, वर्षाला तिप्पट होतं.

पालथं घालणं पहिल्या आठवड्यापासून सुरू करा: जागं असताना, नजरेसमोर, दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. मान आणि खांदे यानेच बळकट होतात. पाजल्यावर लगेच घातलंत तर ओकेल. झोपवताना मात्र उताणंच.

आधाराशिवाय बसणं बहुधा सहा ते आठ महिन्यांत येतं. वॉकर नकोच, त्याने चालणं लवकर येत नाही, बाळ पडतं मात्र. काही बाळं रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. चौथ्या महिन्यानंतरही मान सावरत नसेल, किंवा आलेली गोष्ट बाळ विसरू लागलं, तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नका. महिनाभर आधी जन्मलेल्या बाळाच्या वयातून तो महिना वजा करूनच हे सगळं मोजा.