भाऊबीज चिपळूणला, विमान मुंबईहून

ठाण्याहून एका ताईंचं पत्र आलंय. दोघं नवरा-बायको नोकरी करतात. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. मुलगी अजून दोनची व्हायचीय. लग्नानंतर ‘नीट अशी’ सहल एकच झाली, मग बाळंतपण, मग घराचं कर्ज, मग दुसरं बाळंतपण. यंदा दिवाळीच्या सुट्टीत केरळचं ठरतंय: १२ नोव्हेंबरला विमानाने कोची, मग मुन्नार, ठेकडी, अलेप्पीची हाउसबोट आणि १७ला परत. टूरवाल्याचं कोटेशन १,७८,००० रुपये. सहलीसाठी म्हणून आरडीत साठवलेले ६०,००० आहेत. उरलेल्या १,१८,०००साठी यजमानांचं म्हणणं, २,२०,०००ची एफडी पडून आहे ती मोडू. ताईंचं म्हणणं, एफडीला हात नको, हप्ते करू. ‘अर्ली बर्ड’ भाव अनंत चतुर्दशीपर्यंतच आहे, तेव्हा लवकर कळवा, असं शेवटी लिहिलंय.

ताई, लवकर कळवतो. एफडी मोडू नका आणि हप्तेही करू नका. सहलीला मात्र जा, त्याच तारखांना, पण केरळला नको.

आधी एफडीचं बोलू, कारण ‘पडून आहे’ हा शब्द मला खटकला. तुम्ही पाठवलेला हिशोब असा: दोघांचा हातात येणारा पगार १,३२,०००. घराचा हप्ता ४६,०००, गाडीचा ९,५००, शाळा आणि पाळणाघर मिळून १८,०००, घरखर्च ३८,०००, म्युच्युअल फंडातली एसआयपी १२,०००. महिन्याला उरतात ८,५००. एसआयपी बाजूला ठेवली तरी १,११,५०० रुपये दर महिन्याला जायलाच हवेत. तुमची एफडी म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचा श्वास. त्यातून १,१८,००० काढले की राहतात १,०२,०००. म्हणजे एक महिनासुद्धा धड नाही. दोघांपैकी एकाची नोकरी गेली, किंवा धाकटीला पाळणाघरातून काही लागलं आणि तुम्हाला बिनपगारी रजा घ्यावी लागली, तर घराचा पुढचा हप्ता कुठून भरणार? मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापते, त्याचं मला फारसं दुःख नाही. ती एफडी पडून नाही, ती पहाऱ्यावर आहे. उलट ती तीन महिन्यांच्या खर्चाएवढी करा, असंच मी सांगणार होतो.

आता हप्ते. टूरवाल्याची ‘नो कॉस्ट’ योजना सहा महिन्यांची आहे. १,१८,००० भागिले सहा, म्हणजे महिन्याला १९,६६७. तुमच्याकडे उरतात ८,५००. इथेच ती संपली, पण तुमच्याच पत्रातली एक ओळ परत वाचा: ‘सगळे पैसे एकदम भरले तर सहा हजार कमी करतो म्हणाला.’ हे सहा हजार म्हणजेच त्या नो कॉस्टची कॉस्ट. कार्डावरच्या अशा योजनेत बँक व्याज लावतेच. विकणारा तेवढी सूट देतो म्हणून ते दिसत नाही, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या बिलात येतो.

दुसरा रस्ता वैयक्तिक कर्जाचा. १४ टक्के दर आणि बारा महिने धरले तर हप्ता १०,५९५ येतो. वर्षभराचं व्याज ९,१४०. प्रक्रिया शुल्क दोन टक्के धरलं तर त्यावरच्या जीएसटीसह आणखी २,७८५. बारा हजारांच्या घरात. तेही सोसलं असतं. पण ८,५००मधून १०,५९५ जात नाहीत, म्हणजे दर महिन्याला दोन हजार एसआयपीतून निघणार, आणि मग ‘या महिन्यात राहू दे’ म्हणता म्हणता एसआयपी बंद पडणार. असे बंद पडलेले एसआयपी मी बरेच पाहिलेत. सुरुवात बहुतेक वेळा एखाद्या सहलीने किंवा फ्रिजने होते.

बोनसवर भागेल, असं यजमान म्हणतात. गेल्या वर्षी तो अर्धाच आला आणि डिसेंबरात आला, हेही तुम्हीच कळवलंय. न आलेला पैसा हिशोबात धरायचा नाही.

आता कोटेशनचा कागद. तुम्ही फोटो पाठवलात ते बरं झालं. त्यात ‘टू अ‍ॅडल्ट्स, वन चाइल्ड, वन इन्फंट’ असं आहे. आणि पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की धाकटीचा दुसरा वाढदिवस १५ तारखेला हाउसबोटीवर करू. विमानात दोन वर्षांखालचं मूल कमी भाड्यात मांडीवर बसून जातं. दोन पूर्ण झाली की त्याला स्वतःची सीट आणि तिकीट. वय प्रवासाच्या दिवशीचं बघतात, बुकिंगच्या नव्हे. म्हणजे जाताना ती मांडीवर आणि १७ला परतताना सीटवर. ते तिकीट या १,७८,०००मध्ये नाही. दिवाळीच्या परतीच्या गर्दीतलं एक तिकीट, तेही शेवटच्या घटकेला काढलेलं, केवढ्याला पडेल याचा अंदाज तुम्हीच करा.

त्याच कागदावर मुलासाठी ‘विथ एक्स्ट्रा बेड’ आहे. सहा वर्षांचा मुलगा, जो पत्रावरून तरी रोज तुमच्या कुशीतच झोपतो, त्याच्यासाठी पाच रात्रींचं वेगळं अंथरूण कशाला? पुढे कधी पॅकेज घ्याल तेव्हा ‘विदाउट बेड’चा भाव मागा. खाली बारीक अक्षरात रद्द करण्याच्या अटी आहेत: निघण्याच्या पंधरा दिवसांच्या आत काहीच परत नाही. लहान मुलांच्या आईबापांनी हा मजकूर भावाच्या आधी वाचावा. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना बॅगा दाराशी लावून ठेवल्या आणि रात्री अकराला त्याच्या तळहातांवर पुरळ दिसलं. सकाळी डॉक्टरांनी हँड-फूट-माउथ सांगितलं. आमचे ४२,००० गेले. त्या कंपनीशी मी महिनाभर भांडलो. अटीवर सही माझीच होती.

लहान मुलांना कुठे काय आठवतंय, मग एवढा खर्च कशाला, असं कुणी तुम्हाला म्हणालं असेल. मी नाही म्हणणार. सहल त्यांच्यासाठी नाहीच, तुमच्यासाठी आहे, आणि सहा वर्षांत एकदा ती हवीच. पण मग तुम्हाला विश्रांती कुठे मिळेल ते बघू या. कोचीहून मुन्नार सव्वाशे-दीडशे किलोमीटर, घाटाचा रस्ता, चार तासांच्या वर. दोन दिवसांनी पुन्हा घाटाने ठेकडी. मग उतरून अलेप्पी. पाच रात्रींत चार ठिकाणी बॅगा उघडायच्या आणि भरायच्या, त्यात मागच्या सीटवर पिशवी धरून बसायचं की कोण आधी ओकतंय. हाउसबोट दुपारी निघते आणि साडेपाचच्या सुमारास काठाला लागते, कारण त्यानंतर पाण्यात मच्छीमारांची जाळी असतात. सकाळी नाश्ता झाला की थोड्या वेळात उतरायचं. तेवढा वेळ दोन वर्षांच्या पोरीला कठड्यापासून लांब ठेवण्यात जाणार. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हा केरळात ईशान्य मोसमी पावसाचा काळ, त्याला तिथे तुलावर्षम म्हणतात. दुपारनंतर गडगडाटासह कोसळतो. सगळ्यात महाग आठवड्यात ओला केरळ कशाला विकत घ्यायचा?

आणि आता तुमच्या पत्रातली ती ओळ, जिच्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसलो. ‘११ला भाऊबीजेला माहेरी चिपळूणला जाऊन रात्रीच निघू, म्हणजे १२ची सकाळची फ्लाइट मिळेल.’ ताई, भाऊबीजेच्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर, दोन झोपलेली पोरं घेऊन, विमान गाठायला? महामार्गाची आणि विमानाची वेळ जमवायचा हा जुगार मी माझ्या शत्रूलाही सुचवणार नाही.

तुम्ही चिपळूणला असणारच आहात. जाण्यायेण्याचं पेट्रोल भाऊबीजेच्या खात्यात पडलेलंच आहे. तिथून गुहागर साधारण ४५ किलोमीटर. १२ला सावकाश जेवून निघा, एकाच घरात चार रात्री राहा, १६ला परत या. भावाने दिलेला लाडू-चिवड्याचा डबा गाडीत असेलच, पहिल्या दोन दिवसांचं पोरांचं खाणं त्यातच निघतं.

माझा अंदाज: घरगुती सोयीतली एसी खोली रात्रीला ३,५०० धरली तर चार रात्रींचे १४,०००. हॉटेल घेतलंत तर साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५पासून जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता, म्हणजे १४,७००. जेवणखाण दिवसाला २,००० प्रमाणे पाच दिवसांचे १०,०००. तिथल्या फिरण्याचं पेट्रोल २,००० आणि वरखर्चाला ५,०००. सगळे मिळून ३२,०००च्या आत. शनिवार-रविवारी भाव चढा सांगतील, तर आणखी दोन-तीन हजार.

गुहागरला करायचं काय? व्याडेश्वराच्या देवळापासून चालत समुद्र. किनारा लांबलचक, वाळू मऊ, पोरांना तेवढं पुरतं. पाण्यात मात्र घोट्याच्या वर जाऊ देऊ नका, खालून ओढ असते. एक दिवस हेदवीचा दशभुज गणपती आणि वेळणेश्वर. एक दिवस धोपाव्याच्या धक्क्यावर जा आणि गाडीसकट फेरीबोटीत चढून पलीकडे दाभोळला उतरा. हाउसबोटीची हौस पोरांपुरती तरी तिथे फिटते, आणि जाळ्यांसाठी थांबावंही लागत नाही.

केरळ सोडू नका, पुढे ढकला. तुमच्या गाडीचं कर्ज फेब्रुवारीत फिटतंय. मार्चपासून सुटलेले ९,५०० रुपये घरखर्चात विरघळू देऊ नका, त्याच तारखेला त्याच रकमेची आरडी लावा. पुढच्या जानेवारीपर्यंत अकरा हप्ते, म्हणजे १,०४,५००. यंदाच्या ६०,०००तून उरलेले २८,००० मिळवा. १,३२,५०० झाले, वर जे व्याज मिळेल ते. त्यापुढच्या फेब्रुवारीत जा: पाऊस नाही, दिवाळी-नाताळची गर्दी नाही. मुलगा दुसरीत असेल, चार दिवस शाळा बुडेल. शिक्षक वाचकांनी माझ्यावर रागवावं, पण दुसरीतले चार दिवस मी बुडवीन. तेव्हा चार सीटा लागतील हे धरूनच कोटेशन मागा. १,३२,५००मध्ये बसलं नाही तर ठेकडी वगळा.

रेल्वेचाही विचार करा. ठाण्याला थांबणारी नेत्रावती एक्स्प्रेस एर्नाकुलमला दुसऱ्या दिवशी पोचवते. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही. मोठ्याला बर्थ घेतलात तर पूर्ण भाडं, नाही घेतलात तर निम्मं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही.

यजमानांना एलटीए, म्हणजे कंपनीकडून प्रवासभत्ता, मिळतो, त्याचा करात उपयोग होईल का, हेही विचारलंत. ते नव्या करप्रणालीत आहेत, तर नाही. जुन्या प्रणालीतही सूट फक्त देशातल्या प्रवासभाड्यापुरती असते, हॉटेल-जेवणाला नाही. त्यासाठी प्रणाली बदलू नका.

बोनस आला, कितीही आणि कधीही, तर तो एफडीत. दर महिन्याचे ८,५००ही तिथेच, निदान तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत.

टूरवाल्याला आजच नाही म्हणून सांगा, नाहीतर चतुर्दशीपर्यंत रोज फोन येतील. गुहागरची खोलीही याच आठवड्यात धरा, भाऊबीजेनंतरचे शनिवार-रविवार कोकणात मोकळे राहत नाहीत. अर्धी रक्कम आगाऊ मागतील. द्या, पण मूल आजारी पडलं तर तारीख बदलून द्याल का, हे आधी विचारा आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. आणि १५ला वाढदिवसाला उकडीचे मोदक हवे असतील तर १४ला सकाळीच सांगून ठेवा. ऐन वेळी मागितलेत तर खोलीवाल्या घरच्या मावशी नाही म्हणतात.