मोगऱ्याला कळ्या हव्यात ना?
तुमच्या जास्वंदीचा फोटो पाहिला, काय सुरेख रंग आहे! हे फूल बहुधा एकच दिवस टिकतं, म्हणून फोटो सकाळच्या कोवळ्या उन्हातच काढत जा.

मोगऱ्याला नुसती पानंच येताहेत म्हणालात, तर आधी ऊन बघा. रोज निदान ५-६ तास थेट ऊन हवंच. नत्र (नायट्रोजन) जास्त असलेलं खत थांबवा. त्याने झाड नुसतं पानांनी माजतं, कळ्या धरत नाही. बहर ओसरला की फांद्यांचे शेंडे छाटा, कारण मोगरा नव्या फुटीवर फुलतो. छाटताना जीव खालीवर होतो खरा, पण हात आखडू नका. गुलाबाचीही सुकलेली फुलं लगेच काढा, नाहीतर झाडाची ताकद बी धरण्यात जाते.

मोगरा फुलला की नक्की दाखवा, मी वाट पाहतेय.