दोन-तीन किलो कांदा एकदम परतून ठेवायचा आहे. तेलात बुडवून बाहेर ठेवला तर किती दिवस टिकेल?

आधी सरळ उत्तर देते. तेलात बुडवून ओट्यावर ठेवायचा असेल तर एक दिवससुद्धा नाही. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. फ्रीजरमध्ये तीन महिने खुशाल.

तुम्ही लिहिलंय की ऑफिसहून आल्यावर रोज अर्धा तास कांद्यापाशी उभं राहावं लागतं, म्हणून रविवारी एकदम करून लोणच्यासारखा बरणीत भरून ठेवायचा विचार आहे. बेत उत्तम आहे, फक्त बरणीची जागा बदला. मी घरून जेवणाचे डबे देते, त्यामुळे परतलेला कांदा माझ्या फ्रीजरमध्ये कायम असतो. तो नसेल तर सकाळी सातच्या आत रस्सा होणं कठीण.

लोणचं टिकतं ते निव्वळ तेलामुळे नाही. त्यात मीठ आणि आंबटपणा भरपूर असतो, तेल वरून नुसतं झाकण घालतं. परतलेल्या कांद्यात मीठ बेताचं, आंबट काहीच नाही आणि ओलावा मात्र असतो. कांदा मातीतला, आणि मातीत बोट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी अन्नविषबाधा, करणाऱ्या जंतूंचे बीजाणू असतात. ते पाण्याच्या उकळीला मरत नाहीत, म्हणजे तुम्ही तासभर परतलंत तरी त्यातले काही उरू शकतात. वरून तेल ओतलं की आत हवा नाही, आंबट नाही, ऊब आहे. त्यांना वाढायला असंच घर लागतं. या जंतूंचं विष तयार झालं तरी वास येईलच, बुरशी दिसेलच असं नाही. १९८३ साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या पिओरिया गावी एका हॉटेलात नेमकं हेच घडलं. परतलेला कांदा भरपूर मार्गारिनमध्ये, म्हणजे लोण्यासारख्या वनस्पती तेलाच्या पदार्थात, कोमट ठेवलेला होता, लागेल तसा सँडविचमध्ये घालत होते. २८ जणांना इस्पितळात भरती करावं लागलं. दुखणं कांद्याचं आहे हे सुरुवातीला कुणाच्या ध्यानातही येईना, कारण परतलेल्या कांद्यावर कोण संशय घेणार?

तुम्हाला कुणी म्हणेल, ‘आमच्याकडे कांदा-लसूण मसाला वर्षभर बाहेर टिकतो की!’ टिकतो, खरंय. पण सातारा-कोल्हापूरकडे तो कसा करतात ते बघा. उन्हाळ्यात कांदा चिरून कडकडीत उन्हात वाळवतात, मग तेलात काळपट होईतो तळतात आणि वाळक्या मिरच्यांबरोबर कुटतात. त्यात पाणी राहूच देत नाहीत. कांदा किती टिकणार हे त्यात पाणी किती उरलंय त्यावर ठरतं, तो किती लाल झालाय त्यावर नाही. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं आपोआप कळेल.

म्हणून आधी ठरवा की तुम्हाला नक्की काय हवंय. बिर्याणीवर घालतात तो कुरकुरीत बिरिस्ता वेगळा. मऊ, गोडसर, जॅमसारखा झालेला कॅरमलाइज कांदा वेगळा. आणि रश्श्यासाठी कांदा-खोबऱ्याचं वाटण तिसरंच. तुमचा प्रश्न मधल्याचा आहे, तर तोच सविस्तर सांगते.

कांदा कुठला घ्यावा? उन्हाळी. मार्च ते मे या काळात निघतो, चाळीत साठवतात तो, घट्ट आणि वरचं साल सुकलेलं. पावसाळ्यानंतर येणारा नवा लाल कांदा पाणचट असतो; दोन किलो टाकला तर कढईत आधी पाण्याचं तळं होतं आणि शेवटी हाती मूठभर उरतं. आपला कांदा तिखट आहे म्हणून विचार करू नका. डोळ्यांतून पाणी काढणारा तिखटपणा उष्णतेने निघून जातो आणि मागे साखर राहते. उलट सॅलडसाठी म्हणून विकतात त्या गोड कांद्यात पाणी जास्त, गर कमी.

चिरताना उभा चिरा, देठाकडून मुळाकडे. आडवा चिरलेला लवकर विरघळतो. वाटणासाठी चालेल, पण सँडविचमध्ये किंवा पुलावात पाकळी दिसायला हवी असेल तर उभाच. जाडी साधारण एकसारखी ठेवा, नाहीतर बारीक तुकडे करपतात आणि जाड तोवर पांढरेच असतात. मूळ आणि त्याला चिकटलेला कडक भाग काढून टाका, तो कितीही परतला तरी दाताखाली येतो.

दोन किलो कांद्याला मी सात-आठ मोठे चमचे तेल आणि दीड छोटा चमचा मीठ घेते. जाड बुडाची, पसरट कढई. सगळा कांदा एकदम मावणार नाही. निम्मा टाका, तो खाली बसला की उरलेला टाका. मीठ सुरुवातीलाच, म्हणजे पाणी लवकर सुटतं. पहिली पंधरा मिनिटं झाकण ठेवून मध्यम आच. मग झाकण काढा आणि वाफ जाऊ द्या.

वेळ लागतो तो या टप्प्यावर, आणि घाई करणारे इथेच फसतात. कांद्याच्या वजनात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. ते पाणी आहे तोवर कढईतला कांदा १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही आणि शंभराला रंग धरत नाही, तो नुसता शिजतो. पाणी आटलं की तापमान चढतं, मग साखर आणि प्रथिनांच्या घटकांमध्ये ती अभिक्रिया होते जिच्यावर लुई-कामिय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये लिहिलं. पावाच्या कवचाला आणि भाजलेल्या कॉफीला रंग येतो तो हिच्यामुळेच. थोडीफार साखरही जळून तपकिरी होते. ‘दहा मिनिटांत कॅरमलाइज कांदा’ असे व्हिडिओ दिसतात त्यात मोठ्या आचेवर कडा लाल केलेल्या असतात, आत कांदा कच्चाच. खायला वाईट नाही, पण ती वेगळी गोष्ट.

कानाने ओळखायची खूण सांगते. पाणी असेपर्यंत कढईतून भिजका, खळखळता आवाज येतो. पाणी संपत आलं की तो बारीक होत चुरचुरीवर येतो. तेल कडेने सुटायला लागतं, कांदा पिवळसर आणि चकचकीत दिसतो, ढीग मूळच्या निम्म्याहून कमी झालेला असतो. तिथून पुढे मंद आच आणि तुमचं लक्ष. मोबाइल बाजूला ठेवा. दर दोन-तीन मिनिटांनी कालथ्याने तळ खरवडायचा. बुडाशी तपकिरी खरवड धरते, तीच खरी चव आहे. ती करपायच्या आत दोन चमचे पाणी शिंपडा. चर्र होऊन खरवड सुटते आणि कांद्याला रंग लागतो. पाणी आटलं की पुन्हा धरू द्या, पुन्हा शिंपडा. असं चार-पाच वेळा केलंत की कांदा सोनेरीवरून तांबूस आणि तांबूसवरून विटकरी होतो. दोन किलोला एकूण तास ते सव्वा तास धरून चाला. हाती चारशे-पाचशे ग्रॅम येतो. हो, एवढाच. पहिल्यांदा करणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं.

वेळ वाचवायचा तर एक रास्त मार्ग आहे. चिरलेला कांदा, मीठ आणि तेल कुकरमध्ये घालून तळाला तीन-चार चमचे पाणी टाका आणि दोन शिट्ट्या काढा. कांदा मऊ होऊन आपल्याच रसात पोहतो. मग कढईत ओतून रस आटवा आणि वर सांगितलं तसं परता. शिजवण्याचा वेळ वाचतो, रंगाचा वाचत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर रंग खरंच लवकर येतो, पण कांद्याचा लगदा होतो, आणि चिमूट मोठी झाली की साबणासारखी चव येते. रश्श्यात दळून जाणार असेल तर टाका. पिझ्झावर घालायचा असेल तर नको. साखर मी घालत नाही, चांगल्या कांद्याला गरज नसते.

आता साठवण. गॅस बंद केला की कांदा कढईतच झाकून ठेवू नका. खोल भांड्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. स्टीलच्या ताटात किंवा परातीत पातळ पसरा, पंख्याखाली ठेवा. दोन तासांच्या आत तो फ्रीजमध्ये किंवा फ्रीजरमध्ये गेला पाहिजे, मे महिन्यात तासाभरात.

पुढच्या तीन-चार दिवसांत लागणारा काचेच्या डब्यात फ्रीजला. बाकीचा फ्रीजरला, पण एकच मोठा गोळा करून नाही, नाहीतर बुधवारी सुरी घेऊन बर्फ फोडत बसाल. मी ताटावर बटर पेपर पसरून त्यावर मोठ्या चमच्याने लहान लहान गोळे घालते, ते कडक झाले की झिपच्या पिशवीत भरून हवा दाबून काढते आणि वर तारीख लिहिते. बर्फाचा ट्रेही चालतो, पण तो मग कायमचा कांद्याचाच झाला असं समजा. त्यात नंतर सरबताचा बर्फ लावलात तर पाहुणे काही बोलणार नाहीत, पण पुन्हा सरबतही मागणार नाहीत. पिशवीला बाहेरून दुसरी पिशवी किंवा डबा हवाच, कारण हा वास आइस्क्रीमपर्यंत पोहोचतो.

गोठवल्याने कांदा बिघडेल अशी काळजी नको. कच्ची भाजी गोठवली की तिच्या पेशी फुटून ती लिबलिबीत होते. परतलेल्या कांद्याच्या पेशी आधीच मोडलेल्या असतात, फरक कळतही नाही. तीन महिन्यांनंतर तो विषारी होत नाही, पण तेलाला हळूहळू खवट वास लागतो. लाइट बराच वेळ जाऊन कांदा पूर्ण वितळला तर पुन्हा गोठवू नका. वितळूनही गार राहिला असेल तर त्याच दिवशी वापरा, ऊन लागल्यासारखा कोमट झाला असेल तर टाकून द्या.

घरात चातुर्मास पाळत असाल तर हिशेब आधीच करा. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, पिशवी रिकामी झालेली बरी. भजी तर होतातच, उरलेले गोळे थालीपिठाच्या पिठात मळून टाका.

बिरिस्त्याचं थोडक्यात. पातळ उभ्या चकत्या कागदावर अर्धा तास सुकवून मध्यम गरम तेलात थोड्या थोड्या तळायच्या आणि सोनेरी दिसताच काढायच्या. बाहेर काढल्यावर त्या आणखी एक छटा गडद होतात. कढईतच तपकिरी होईतो थांबलात तर ताटात कडू मिळतील. पूर्ण गार आणि कडकडीत झाल्यावरच हवाबंद डब्यात. पाणी जवळपास गेलेलं असल्याने हा आठवडाभर बाहेर राहतो, पावसाळ्यात मात्र फ्रीजरमध्येच ठेवा. मऊ पडला तर तो बिरिस्ता राहिला नाही, लगेच भाजीत संपवा. तळून उरलेलं तेल गाळून फ्रीजमध्ये ठेवा, मसालेभाताला त्याची फोडणी द्या.

वाटणाबद्दल माझं मत ठाम आहे: कांदा परतून ठेवा, खोबरं वेगळं भाजून ठेवा, वाटा त्याच दिवशी. एकत्र वाटून ठेवलेल्या खोबऱ्याला फ्रीजमध्येसुद्धा लवकर वास येतो.

रोजच्या वापराला चार माणसांच्या भाजीला दोन गोळे पुरतात, मटण-चिकनच्या रश्श्याला चार-पाच. वितळवत बसू नका. फोडणीत आलं-लसूण परतलं की गोठलेला गोळा तसाच टाका आणि झाकण ठेवा, दोन मिनिटांत सुटतो. मग टोमॅटो, मसाले. गोळ्यात तेल आणि मीठ दोन्ही आहे हे विसरू नका, फोडणीचं तेल निम्मं करा आणि मीठ शेवटी चाखून घाला. पिठल्याला आणि कांदेपोह्यांना मात्र हा कांदा वापरू नका. तिथे ताजा, नुसता गुलाबी झालेलाच हवा, गोड कांद्याने पोहे शिऱ्याच्या वाटेला लागतात.