मिर-२७बी दिसत नसेल तर प्रायमर बदलायच्या आधी कॉलमची चौकशी करा

तुमची पोस्ट वाचून जुनी खपली निघाली. उस्मानाबादी बोकडांच्या गुर्द्याभोवतीच्या चरबीत मिर-२७बी (जनुकांना आवर घालणारा इवलासा आरएनए, म्हणजे मायक्रोआरएनए) आणि पीपीएआर-गॅमा (चरबीच्या पेशी घडवणारं जनुक) क्यूपीसीआरने तपासताय, आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे ते सांगणारा १ ते १० मधला आकडा) ८ च्या वर आहे, बीटा-अ‍ॅक्टिन (तुलनेसाठी घेतलेलं नेहमीचं जनुक) ग्राफवर वेळेवर उठतं, पण मिर-२७बी शेवटपर्यंत हलत नाही आणि यू६ (लहान आरएनए मोजताना तुलनेसाठी घेतात तो आरएनए) सुद्धा फार उशिरा येतं. गाईड म्हणतात प्रायमर (हवा तो क्रम हेरणारा डीएनएचा छोटा तुकडा) बदला. माझं मत विचाराल तर इतक्यात बदलू नका.

सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) स्टेम-लूप प्रायमरने किंवा पॉली-ए शेपूट जोडून केलं असेल असं धरून चालतो. नुसत्या ऑलिगो-डीटीने केलं असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही, कारण त्याला पॉली-ए शेपूट नसलेला मायक्रोआरएनए सापडतच नाही.

खरी गोम यू६ मध्ये आहे. ते शंभरेक न्यूक्लिओटाइडचं (आरएनएच्या साखळीतले दुवे), मिर-२७बी जेमतेम २० च्या आसपास. आरएनए धरून ठेवणाऱ्या साध्या सिलिका कॉलममध्ये २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लहान आरएनए बराचसा धुऊन जातो. आरआयएन मुख्यतः १८एस आणि २८एस या रायबोसोमच्या मोठ्या आरएनएवरून ठरतो, त्यामुळे लहान आरएनए गायब असूनही आकडा झकास येतो.

आमचे नमुने पैसे घेऊन काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत गेले होते. फॉर्मवर ‘स्मॉल आरएनए’ असं ठळक लिहिलेलं. परत आली सुबक रंगीत पीडीएफ. किट कोणतं वापरलं विचारलं, तर उत्तर ‘आमचा प्रमाणित प्रोटोकॉल’. मेलवर मेल केल्यावर एका टेक्निशियनने फोनवर सहज सांगून टाकलं, की सगळ्यांना एकच कॉलम लावतात. उरलेली चरबी परत मागितली, तर ‘नियमाप्रमाणे नष्ट केली’. बिल मात्र स्मॉल आरएनएच्या दराने! भल्या पहाटे कत्तलखान्यात उभं राहून, खाटिकांच्या विनवण्या करून जमवलेला माल होता तो. असो.

म्हणून बाहेर पाठवायचंच असेल तर निम्माच नमुना पाठवा, आणि ऑर्डर द्यायच्या आधी किटचं नाव व इथेनॉलचं प्रमाण लेखी घ्या. लहान आरएनए धरून ठेवायला इथेनॉल नेहमीपेक्षा जास्त लागतं. (नेमकं प्रमाण किटच्या पुस्तिकेतूनच घ्या, माझ्या भरवशावर नको.) घरच्या घरी करणार असाल तर ट्रायझॉलमध्ये (पेशी फोडून आरएनए सोडवणारं द्रावण) वाटल्यावर, क्लोरोफॉर्म घालायच्या आधी, थंड सेंट्रिफ्यूज करून वर तरंगणारा तुपकट थर काढून टाका. चरबीत आरएनए मुळातच कमी, तेव्हा तुकडा मोठा घ्या.

आता न विचारलेलं थोडं. खच्ची आणि बिनखच्ची बोकड एका गटात घालू नका, खच्ची बोकड चरबी जास्त धरतो. शेळीची चरबी पाठीपेक्षा पोटात साठते, त्यामुळे डुकराच्या पाठीच्या चरबीवरचे पेपर जसेच्या तसे लावता येत नाहीत. उंदराचेही नाहीत. मिर-३३बी हे दुसरं मायक्रोआरएनए गाईत एसआरईबीएफ१ जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (प्रथिन न बनवणाऱ्या भागात) बसलेलं असतं, उंदराला ते नाहीच. आणि मिर-२७बी वाढलं, पीपीएआर-गॅमा घटलं, एवढ्यावर ‘मिर-२७बी चरबी रोखतं’ असं थिसिसमध्ये लिहू नका. शेळीच्याच पीपीएआर-गॅमाचा ३'यूटीआर (मायक्रोआरएनए सहसा बसतो ते आरएनएचं शेवटचं टोक) घेऊन ल्युसिफरेज चाचणी (मायक्रोआरएनए बसला तर चमक घटते) करा, मग बोला. टेक्सेल मेंढीचं उदाहरण बघा. मायोस्टॅटिनच्या (स्नायूंची वाढ रोखणारं जनुक) ३'यूटीआरमध्ये डीएनएचं जी हे अक्षर बदलून ए झालं आणि मिर-१ व मिर-२०६ ला बसायला जागा तयार झाली. मायोस्टॅटिन कमी, मांस जास्त. २००६ सालच्या त्या कामात बदल थेट डीएनएमध्येच सापडला होता, म्हणून ते पटलं. सॉफ्टवेअरने दिलेल्या शेकडो टार्गेटच्या यादीला मी तरी पुरावा मानत नाही. (तुमच्या समितीला चालत असेल तर माझी हरकत नाही.)

फ्रीझरमध्ये एखादा तुकडा उरला असेल तर तेवढ्यातलाच आरएनए ट्रायझॉलने काढा आणि आधी फक्त यू६ लावा. ते लवकर उठलं तर जुना आणि नवा ग्राफ शेजारी ठेवून गाईडना दाखवा, नवीन प्रायमरचे पैसे वाचतील.