वाचकांचे प्रश्न : ग्रीनवरचा बर्फ, फुटलेला पाइप आणि वाळूचा हिशेब

प्रश्न : आमच्या गोल्फ मैदानाच्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पाऊस पडला आणि रात्रीतून गोठला. तीन-चार सेंटिमीटरचा काचेसारखा थर बसलाय. फोडायचा की राहू द्यायचा?

उत्तर : आधी दोन गोष्टी बघा. ग्रीनवर गवत कोणतं आहे आणि थर कोणत्या तारखेला बसला? भुसभुशीत बर्फ गवतावर गोधडीसारखा असतो, त्याला हात लावायचं कारण नाही. काचेसारखा थर मात्र हवा अडवतो. खाली मुळांचा आणि मातीतल्या जिवाणूंचा श्वास चालूच असतो. प्राणवायू संपत जातो, नको ते वायू कोंडतात आणि गवत गुदमरतं. पोआ ॲन्युआ असेल तर ४५ दिवसांनंतर त्याचा भरवसा धरू नका. क्रीपिंग बेंट तीन महिनेसुद्धा तग धरतं. म्हणून थर बसल्याची तारीख वहीत हवीच, अंदाजाने मोजलेले दिवस नेहमी कमीच भरतात.

फोडायचं ठरलं तर फावडं गवतापर्यंत नेऊ नका. गोठलेली पाती आणि बुंधे काडीसारखे मोडतात. वरचा सैल बर्फ काढा, उन्हाच्या दिवशी थरावर गडद रंगाची कोरडी वाळू पातळ भुरभुरवा. ती ऊन शोषते आणि बर्फाला जाळी पडते. मग तुकडे उचलून ग्रीनबाहेर टाका. उचलताना आंबूस, कुजका वास आला तर नुकसान सुरू झालं आहे असं धरून चाला.

खरा घात पुढे होतो. हिवाळा सरताना दिवसा वितळतं, रात्री पुन्हा गोठतं. वितळलेलं पाणी खोलगट जागी साचतं, गवताचा बुंधा ते पिऊन फुगतो आणि अचानक पारा उतरला की आतल्या बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात. त्यामुळे मेलेले पट्टे बहुतेक वेळा पाणी वाहण्याच्या वाटेवरच दिसतात. कडेचा बर्फ आधीच हटवून पाण्याला उतार मोकळा करून देणं हे वाळू भुरभुरण्याइतकंच, किंबहुना जास्त महत्त्वाचं.

गवत जिवंत आहे की नाही हे कळायला वसंताची वाट बघू नका. ड्रिलला भोक पाडायची गोल करवत (होल सॉ) लावून एकाच ग्रीनच्या उंच आणि खोलगट भागातून गवतासकट मातीचे दोन-दोन गोळे काढा, चिठ्ठ्या लावा, ट्रेमध्ये उजेडाच्या खिडकीत ठेवून ओलसर राखा. दोन आठवड्यांत खोलगट भागातले गोळे हिरवे झाले नाहीत, तर बियाण्याची मागणी तेव्हाच नोंदवा.

प्रश्न : कॉम्प्रेसरने स्प्रिंकलरची लाइन फुंकून घेतली होती, तरी दोन ठिकाणी पाइप आणि एक व्हॉल्व्ह तडकला. असं का?

उत्तर : बहुतेक दाब भरपूर होता, हवा कमी होती. पाणी ढकलायला हवेचा लोंढा लागतो. छोटा कॉम्प्रेसर दाब वाढवतो, पण हवा पाण्याच्या वरून निसटते आणि सखल भागात पाणी तसंच राहतं. कडक पीव्हीसीला ८० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच दाबाच्या) वर जाऊ नका, काळ्या लवचीक पॉलिथिलीनला ५०च्या वर नको. सर्वांत उंच आणि लांबच्या हेडपासून (पाणी फवारणाऱ्या तोंडापासून) सुरुवात करा. एकदाच खूप वेळ फुंकण्यापेक्षा दोन-तीन छोट्या फेऱ्या घ्या. नुसते तुषार यायला लागले की थांबा. कोरडी हवा हेडच्या गिअरला तापवते. कॉम्प्रेसर चालू असताना एक तरी व्हॉल्व्ह उघडा हवाच.

तडकलेला व्हॉल्व्ह बॉलचा होता का? पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवला तर बॉलभोवती पाणी अडकतं. मूठ ४५ अंशांवर ठेवून द्या.

लाइन पुन्हा भरताना घाई केलीत तर उरलेल्या जोडांचीही तीच गत. लांबचे हेड उघडे ठेवून हवा बाहेर काढत, पाणी सेकंदाला फूटभर या बेताने भरा.

प्रश्न : १८ ग्रीनसाठी वसंतातल्या एरेशनला (जमिनीत भोकं पाडून ती वाळूने भरण्याला) वाळू किती मागवू?

उत्तर : ग्रीन सरासरी ५०० चौरस मीटरचं आणि टाइन (भोक पाडणारा दात) १२ मिलिमीटरची पोकळ, अंतर ५ सेंटिमीटर, खोली साडेसात सेंटिमीटर धरू. चौरस मीटरला ४०० भोकं, प्रत्येकात साधारण साडेआठ घन सेंटिमीटर वाळू. म्हणजे एका ग्रीनला १.७ घनमीटर, १८ ग्रीनना सुमारे ३०. वर एक मिलिमीटर थर द्यायचा तर आणखी ९. कोरड्या वाळूचं वजन घनमीटरला १.६ टन धरलं तर एकूण ६३ टनांच्या आसपास. सांडलवंड धरून ७० सांगा. आणि कोरडी साठवायची सोय आधी करा. ओली वाळू भोकात उतरत नाही, तोंडाशीच अडकून बसते.

प्रश्न : गवत कापायच्या मोअरची रील (फिरणाऱ्या पात्यांचा दंडगोल) ग्राइंड करून, म्हणजे धार लावून आणली, तरी मोअर न कापलेले पट्टे सोडतं.

उत्तर : रीलचे बेअरिंग हलतंय का बघा. ढिल्या बेअरिंगवर केलेलं ग्राइंडिंग फुकट जातं. क्रम असा : बेअरिंग, मग ग्राइंडिंग, मग बेड नाइफ (रीलखालचं स्थिर पातं) समांतर लावणं. कागदाची पट्टी नाइफच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत दर दोन बोटांवर कापून बघा. एका टोकाला स्वच्छ कापते आणि दुसऱ्या टोकाला दुमडते, तर नाइफ तिरकी आहे किंवा रील शंकूसारखी घासली गेली आहे. ३ मिलिमीटरवर कापायचं असेल तर पातळ नाइफ लागते; फेअरवेची (ग्रीनपर्यंतच्या लांब गवती पट्ट्याची) जाड नाइफ बुडाने ग्रीनला घासते आणि दोष मात्र धारेवर येतो.

प्रश्न : गवतावर दव गोठलेलं असताना सभासद खेळू द्या म्हणतात.

उत्तर : दव विरघळेपर्यंत नाही. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की पेशी फुटतात आणि काही वेळाने पावलांचे ठसे तपकिरी-काळे उमटतात. पाणी मारून दव घालवण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्या सकाळी जमिनीचं तापमान शून्याच्या वर आहे ना, एवढं आधी विचारा.